माकडाला चाललं म्हणून

१३ मार्च २००६ची सकाळ. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातला औषधचाचणीचा कक्ष. खाटांवर आठ तरुण, धडधाकट पुरुष. कुणालाही कसला आजार नाही. नवं औषध टोचून घ्यायचं आणि त्याबद्दल सुमारे दोन हजार पौंड घ्यायचे, एवढाच व्यवहार. सहा जणांच्या शिरेत औषध गेलं, दोघांच्या शिरेत औषध नसलेलं द्रावण. एकाला दिलं, दहा मिनिटांनी पुढच्याला, आणखी दहा मिनिटांनी त्याच्या पुढच्याला. पहिल्याचं डोकं ठणकायला लागलं तोवर रांग संपत आली होती.

मग औषध मिळालेले सहाही जण एकामागून एक कोसळले. डोकेदुखी, कंबरदुखी, हुडहुडी, उलट्या, ताप, खाली जाणारा रक्तदाब. रात्र सरता सरता फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं हात टेकायला लागली. सगळ्यांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. सहाही जण वाचले, पण त्यातल्या एकाच्या पायांची बोटं आणि हातांच्या बोटांची टोकं गेली.

औषधाचं नाव टीजीएन१४१२. जर्मनीतल्या वुर्झबुर्गच्या तेजेनेरो कंपनीनं बनवलेली अँटिबॉडी, मराठीत प्रतिपिंड. संधिवात आणि एका प्रकारचा रक्ताचा कर्करोग यांवर ती चालावी अशी आशा होती. माणसांना टोचण्याआधी ती माकडांना देऊन पाहिली होती, किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत. माकडांना काही झालं नाही. म्हणून माणसांना दिली ती किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. पाचशेवा हिस्सा. कागदावर याहून सावध काय असणार?

हा प्रसंग निष्काळजीपणाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला ते पटत नाही. एकाच दिवशी, दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं सहा जणांना टोचणं हा निष्काळजीपणा होताच, तो मी माफ करणार नाही. पण मुळातली चूक त्याच्याही आधीची आहे आणि ती चांगल्या, शिकलेल्या, कामसू माणसांनी केलेली आहे. माकडाशी जुळतं का, हे त्यांनी तपासलं होतं. जुळत होतं. ‘जुळतं’ म्हणजे नेमकं काय जुळतं, तेवढं विचारायचं राहिलं.

अँटिबॉडी डोळ्यांपुढे आणायची तर दोन हात वर केलेला माणूस आणा. हातांनी ती ज्याला पकडायचं त्याला पकडते. खालच्या भागाला आपण शेपटी म्हणू. त्या शेपटीनं ती शरीरातल्या बाकीच्या पेशींशी बोलते. कुणाला बोलावायचं, रक्तात किती दिवस राहायचं, हे शेपटी ठरवते. शेपटी ओळखायला पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. हात कुणाला धरतात हा एक प्रश्न झाला. शेपटी कोण ओळखतो हा दुसरा. आणि हातांनी जे धरलं ते कुठल्या पेशीच्या अंगावर आहे, हा तिसरा. प्राणी बदलला की तिन्ही उत्तरं बदलू शकतात, आणि एक बदललं म्हणून दुसरं बदलेलच असं नाही.

टीजीएन१४१२चे हात टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींवरच्या सीडी-२८ नावाच्या रिसेप्टरला धरत. टी-पेशीला चेतवायला एरवी दोन इशारे लागतात. ही अँटिबॉडी एकटीनं चेतवू शके. सीडी-२८चा पेशीबाहेर असलेला भाग माणसात आणि त्या माकडात तंतोतंत सारखा आहे. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं, आणि त्या उत्तराच्या भरवशावर पुढची सगळी इमारत उभी राहिली.

नंतर लंडनजवळच्या पॉटर्स बार इथल्या सरकारी प्रयोगशाळेनं हे प्रकरण हातात घेतलं. तिथल्या शास्त्रज्ञांचं काम मला आजही रोमांचक वाटतं. त्यांनी माणसाच्या रक्तातल्या पेशी घेतल्या, नळीत अँटिबॉडीचं द्रावण टाकलं. काही झालं नाही. सहा माणसं मरणाच्या दारात गेली आणि नळीत मात्र सामसूम. मग त्यांनी तीच अँटिबॉडी प्लॅस्टिकच्या तबकडीवर सुकवून चिकटवली आणि त्यावर पेशी सोडल्या. शरीरात अँटिबॉडी अशीच कशाला ना कशाला टेकलेली असते, हा त्यामागचा विचार. आता पेशी पेटल्या. त्या खाटांवर जे वादळ उठलं होतं त्यातलीच रसायनं पेशींनी ओतायला सुरुवात केली. माकडाच्या पेशी त्याच तबकडीवर ठेवल्या, त्या शांत राहिल्या.

कोडं पुरतं सुटलं ते २०१० साली. वादळ उठवणाऱ्या पेशी म्हणजे अनुभवी स्मृतिपेशी. जुन्या संसर्गांशी लढून तयार झालेल्या, कधीही हल्ला करायला सज्ज. माणसात त्यांच्या अंगावर सीडी-२८ टिकून राहतो. चाचणीला वापरलेल्या माकडांत ही पेशी अनुभवी होता होता सीडी-२८ अंगावरून उतरवून टाकते. रिसेप्टर सारखा, पण ज्या पेशीच्या अंगावर तो असल्यानं घात झाला, माकडाच्या त्याच पेशीवर तो नाही. मग माकडाला पाचशेपट द्या नाहीतर पाच हजारपट, जिथं आग लागायची तिथं सरपणच नाही.

या प्रकरणानंतर नेमलेल्या सर गॉर्डन डफ यांच्या समितीनं २००६ सालीच अहवाल दिला होता. पहिल्यांदा माणसाला द्यायची मात्रा ‘प्राण्याला किती सोसलं’ यावरून ठरवू नका. माणसाच्या पेशींवर किमान परिणाम कितीला दिसेल, तिथून सुरुवात करा. त्या दिवशी दिलेल्या मात्रेनं सीडी-२८चे सुमारे ९० टक्के रिसेप्टर व्यापले गेले असावेत, असा हिशोब नंतर मांडला गेला. म्हणजे सावध म्हणून दिलेला पाचशेवा हिस्सा हाच जवळपास पूर्ण डोस होता. हा हिशोब कागद-पेन्सिलनं होण्यासारखा होता, आणि आधी होण्यासारखा होता. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

आता शेपटीकडे येऊ. शेपटीच्या गोष्टीत रडारड कमी आहे, पण फसगत तितकीच आहे.

आपल्या रक्तातली आयजीजी प्रकारची अँटिबॉडी साधारण तीन आठवडे टिकते. बाकीची बहुतेक प्रथिनं इतकी टिकत नाहीत. कारण पेशींमध्ये एफसीआरएन नावाचा रिसेप्टर आहे. पेशीनं गिळलेली, मोडीत निघायच्या बेतात असलेली अँटिबॉडी तो शेपटीला धरून वाचवतो आणि परत रक्तात सोडतो. पकडतो तो आम्लधर्मी जागी, पीएच ६ च्या आसपास. सोडतो तो रक्ताच्या ७.४ वर. म्हणून या पकडीची चाचणी करताना सोन्याचा पातळ थर दिलेल्या काचेवर रिसेप्टर बसवतात, वरून अँटिबॉडी वाहवतात आणि दोन्ही पीएचला चिकटण्या-सुटण्याचा वेग मोजतात. धरतो का एवढंच बघून उपयोग नाही, सोडतो का हेही बघावं लागतं.

२००१ साली एका संशोधकगटानं वेगवेगळ्या प्राण्यांच्या अँटिबॉडी आणि एफसीआरएन यांची अशी पारख केली. उंदराचा रिसेप्टर भलताच मोकळ्या मनाचा निघाला. त्यानं तपासलेल्या सगळ्या प्राण्यांच्या अँटिबॉडी धरल्या, माणसाचीही. माणसाचा रिसेप्टर मात्र चोखंदळ. त्यानं माणसाची, सशाची आणि गिनीपिगची अँटिबॉडी धरली. गाईची, उंदराची जवळपास नाकारली. माणसाची अँटिबॉडी उंदरात छान टिकते, आणि उंदराची माणसात एक-दोन दिवसांत नाहीशी होते. १९८६ साली मूत्रपिंडरोपणासाठी मान्यता मिळालेली पहिली मोनोक्लोनल, म्हणजे एकाच साच्याची, औषधी अँटिबॉडी उंदराचीच होती. तिला या घाईच्या निरोपाचा तर फटका बसलाच, शिवाय माणसाचं शरीर तिच्याविरुद्ध स्वतःच्या अँटिबॉडी तयार करायला लागलं. त्यानंतरची औषधं हळूहळू माणसाच्या वळणाची होत गेली, ती या धड्यातून.

एका प्राण्यातला आकडा दुसऱ्याला लावता येत नाही, एवढ्यावर हे थांबत नाही. दिशा उलटली तरी उत्तर बदलतं. आजही साध्या उंदरात मोजलेल्या टिकाऊपणावर विसंबून कुणी माणसाबद्दल बोलायला लागला, तर त्याला थांबवा. माणसाचा एफसीआरएन बाळगणारे उंदीर आता प्रयोगशाळांत आहेत. ते वापरा.

कुत्र्यांच्या मालकांना हे वेगळ्या वाटेनं कळलेलं असेल. कुत्र्याच्या खाजेवर लोकीवेटमॅब नावाची अँटिबॉडी मिळते, सांधेदुखीवर बेडिनवेटमॅब. दोन्ही कुत्र्याच्या वळणाच्या बनवलेल्या आहेत. मांजराच्या सांधेदुखीसाठी वेगळी, फ्रुनेवेटमॅब. कुत्र्याची उरलेली मांजराला टोचू नका, आणि ‘माणसाचं औषध आहे ना, थोडं देऊ’ हा विचार तर करूच नका.

जुळलं म्हणजे तेच आहे असं नाही, याचा पुरावा आपल्या प्रत्येकीच्या बाळंतपणाच्या फायलीत लिहिलेला असतो. १९४० साली लँडस्टायनर आणि वीनर यांनी ऱ्हीसस माकडाचं रक्त सशांना टोचलं. सशांत तयार झालेल्या अँटिबॉडी त्यांनी माणसांच्या रक्तावर टाकल्या. सुमारे ८५ टक्के लोकांच्या रक्ताच्या गुठळ्या झाल्या. माकडात आहे तेच यांच्यातही आहे, असा निष्कर्ष निघाला आणि त्याला ऱ्हीसस, म्हणजे आरएच, हे नाव मिळालं. पुढे कळलं की सशाच्या अँटिबॉडी शेजारचाच दुसरा घटक धरत होत्या. त्या घटकाला लँडस्टायनर-वीनर यांच्या आद्याक्षरांवरून एलडब्ल्यू म्हणतात. जो घटक आईच्या आणि बाळाच्या रक्तात भांडण लावतो तो निराळा. आरएच हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. दोन घटक शेजारी राहणारे असल्यामुळे त्या वेळी निभावलं. प्रत्येक वेळी निभावत नाही.

आता आपल्या मातीतलं. भारतातलं सर्पदंशावरचं औषध घोड्याकडून येतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष थोडं थोडं घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात, त्या काढून शुद्ध करतात. महाराष्ट्रात परळच्या हाफकिनचं नाव या कामाशी पिढ्यान्पिढ्या जोडलेलं आहे. गावात याला सरळ ‘सापाची लस’ म्हणतात, डॉक्टर एएसव्ही म्हणतात.

घोड्याची अँटिबॉडी माणसाच्या अंगात परकी. हे दुखणं जुनं आहे. घटसर्पावर घोड्याचा रक्तरस टोचलेल्या मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप, गांधी, सुजलेले सांधे यायचे. व्हिएन्नात फॉन पिर्के आणि शिक यांनी १९०५ साली त्यावर पुस्तकच लिहिलं. यावरचा उपाय शेपटीशीच जोडलेला आहे. पेप्सिन, जे सहसा डुकराच्या जठरातून काढतात, ते वापरून घोड्याच्या अँटिबॉडीची शेपटी कापून टाकायची आणि विष धरणारे दोन हात तेवढे ठेवायचे. भारतात मिळणारी एएसव्ही अशी बिनशेपटीची असते. घोड्याची अँटिबॉडी, डुकराचा पाचकरस, माणसाची शीर. तीन प्राणी एका छोट्या बाटलीत. त्रास कमी झाला, संपला नाही. हातही शेवटी घोड्याचेच.

पुढची गोष्ट मी पाहिलेली. माझ्या मावसभावाला भातकापणीत फुरसं चावलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात आम्ही त्याला नेलं, नाव घेत नाही. हात कोपरापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. लस तिथं होती. छोटी काचेची बाटली, तळाशी पांढरा खडा. पाणी घातलं की तो विरघळतो. बाटली गोल गोल फिरवायची, हलवायची नाही, नाहीतर फेस होतो. नर्सबाईंनी लस सराईत हातानं विरघळवली. आणि मग त्यातला थेंबभर भावाच्या दुसऱ्या हाताच्या कातडीखाली टोचला, भोवती पेननं गोल काढला, आणि आम्हाला सांगितलं, ‘टेस्ट डोस दिलाय. वीस मिनिटं थांबू.’

वीस मिनिटं थांबलो. गोलात काही उठलं नाही. लस सुरू झाली. दहाव्या मिनिटाला भावाच्या पोटावर गांधी उठल्या, ओठ सुजले. अॅड्रेनॅलिन दिलं, लस थोडा वेळ थांबवली, पुन्हा हळू सुरू केली. तो वाचला. चाचणी ‘पास’ होऊनही रिअॅक्शन आली, आणि वीस मिनिटं विषाला फुकट मिळाली.

हे माझ्या भावाचं दुर्दैव नव्हतं. ही चाचणी असंच वागते. एएसव्हीची रिअॅक्शन बहुतेक वेळा त्या वाटेनं येतच नाही, जी कातडीवरचा थेंब दाखवू शकतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्या केंद्र सरकारची उपचारपद्धती, दोन्ही सांगतात की ही चाचणी करू नका. ती रिअॅक्शनचा अंदाज देत नाही, उशीर करते. प्रत्येक रुग्णाला रिअॅक्शन येऊ शकते हे धरून चालायचं, अॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचं आणि लस सुरू करायची. गोलात फोड उठला म्हणून लस नाकारणं तर त्याहून वाईट, कारण दुसरी लस नाही.

लंडनमधली माकडं आणि कातडीवरचा पेनचा गोल मला एकाच जातीचे वाटतात. दोन्हीकडे चाचणी झाली, उत्तर ‘ठीक’ आलं, आणि त्या उत्तराचा विचारलेल्या प्रश्नाशी संबंध नव्हता. अशा चाचणीपेक्षा चाचणी नसलेली बरी. चाचणी नसेल तर माणूस निदान डोळे उघडे ठेवतो.

या क्षेत्रातला आंतरराष्ट्रीय संकेतही १९९७पासून हेच सांगतो: औषध ज्या प्राण्यात काम करतं तोच प्राणी चाचणीला योग्य; ज्यात करत नाही त्यात चाचणी करू नका, दिशाभूल होईल. यात प्राण्यांचाही जीव आहे. ज्या माकडाच्या पेशी उत्तर देऊच शकत नाहीत, त्याला पिंजऱ्यात ठेवून प्रश्न विचारणं ही क्रूरता आहे, आणि तिच्या बदल्यात काही मिळतही नाही. भारतानं २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून माणसाच्या पेशींवरच्या आणि इतर बिनप्राणी पद्धतींना वाट करून दिली. चांगलं झालं. पण वाट कायद्यानं उघडते, चालायचं प्रयोगशाळांना आहे. आपल्या संशोधकांनी, मार्गदर्शकांनी आणि पैसे मंजूर करणाऱ्या समित्यांनी प्रत्येक प्रस्तावात एक ओळ मागावी: या प्राण्यात हा रिसेप्टर कुठल्या पेशीवर आहे, ते तुम्ही स्वतः मोजलंय का?

सापाच्या बाबतीत तर माणसाच्याच वळणाच्या अँटिबॉडी दिसायला लागल्या आहेत. २०२४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं अमेरिकेच्या स्क्रिप्स संस्थेबरोबर नाग-मण्यार कुळातल्या एका मोठ्या विषगटाला निष्प्रभ करणारी अशी एक अँटिबॉडी जाहीर केली. घोणस आणि फुरसं त्यात बसत नाहीत, आणि प्रयोग उंदरांवरचे आहेत. तेव्हा माणसापर्यंत येताना तीन प्रश्न तिलाही विचारायचे आहेत. तोवर घोडाच आपला.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यांतली, बहुतेक शेतात राबणारी. त्यांच्यासाठी वीस मिनिटं फार मोठी असतात.

म्हणून ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना हात जोडून सांगणं आहे. कातडीवरचा तो गोल काढणं बंद करा. वीस मिनिटं खर्च करायचीच असतील तर एका स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचं दोन मिलिलिटर रक्त घ्या, न हलवता ठेवा, आणि विसाव्या मिनिटाला नळी तिरकी करा. रक्त गोठलं नसेल, वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष काम करतंय आणि लस ताबडतोब हवी. त्या नळीत माणसाचं रक्त असतं, आणि उत्तरही माणसाबद्दलच मिळतं.